फायबर तुटलं तरी तुमचा कॉल चालू कसा राहतो?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोपं जातं, किंवा लोकलच्या गर्दीत ज्यांना आवाज नीट येत नाही, त्यांच्यासाठी हा भाग नेहमीप्रमाणे लिहून देतोय. बोलण्यातले 'म्हणजे', 'तर' थोडे कमी केलेत, बाकी सगळं तसंच आहे.

आजचा विषय आपल्या सगळ्यांच्या खिशात आहे. तुम्ही आत्ता हे वाचताय, तेवढ्यात देशात कुठे ना कुठे एखाद्या जेसीबीच्या दातात फायबर केबल अडकलेली असेल. रस्त्याचं काम, पाण्याची पाइपलाइन, मेट्रोचा खांब, कारण काहीही असो. भारत सरकारने मार्च २०२३मध्ये 'कॉल बिफोर यू डिग' नावाचं ॲप आणलं, म्हणजे 'खणायच्या आधी विचारा'. त्या वेळी सरकारने सांगितलं होतं की असं न विचारता खणल्यामुळे देशाचं वर्षाला सुमारे ३,००० कोटी रुपयांचं नुकसान होतं. इतक्या केबल तुटतात, मग आपला फोन रोज बंद का पडत नाही? आणि कधीकधी मात्र एकच काहीतरी बिघडतं आणि अख्खं शहर, अख्खा देश तासन् तास बंद पडतो, ते कशामुळे?

या दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकाच गोष्टीत आहे: दुसरी वाट. पहिली वाट बंद झाली की ट्रॅफिक दुसऱ्या वाटेने न्यायचा. ऐकायला सोपं आहे. पण ती दुसरी वाट खरोखर कामाला येईल का, हे तीन प्रश्नांवर ठरतं. ती खरंच वेगळी आहे का? तिच्यात जागा आहे का? आणि ट्रॅफिक वळवणारा माणूस स्वतः कुठल्या वाटेवर उभा आहे? आजचा भाग या तीन प्रश्नांचा आहे.

आधी एक गैरसमज दूर करू

मोबाइल म्हणजे वायरलेस, असं आपण म्हणतो. खरं तर वायरलेस असतो तो फक्त शेवटचा टप्पा, तुमच्या हातातल्या फोनपासून टॉवरपर्यंतचा. शहरात हे अंतर बहुतेक वेळा काहीशे मीटर, गावाकडे काही किलोमीटर. टॉवरच्या पुढचा बहुतेक प्रवास जमिनीखालून, काचेच्या तंतूतून होतो. काही टॉवर मायक्रोवेव्हच्या डिशने पुढच्या टॉवरला जोडलेले असतात, पण थोडं पुढे गेलं की तिथेही फायबर येतंच.

हा तंतू केसाएवढा बारीक. त्यातून प्रकाश जातो, सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर वेगाने. एकाच तंतूतून वेगवेगळ्या रंगांचा, म्हणजे वेगवेगळ्या तरंगलांबीचा प्रकाश एकदम पाठवता येतो. त्यामुळे एका केबलमधून हजारो लाखो लोकांचे कॉल, व्हिडिओ, पैशांचे व्यवहार एकाच वेळी वाहत असतात. म्हणूनच एक केबल तुटणं ही छोटी गोष्ट नाही. दुकानात क्यूआर कोडसमोर उभा असलेला माणूस, ऑनलाइन परीक्षा देणारी मुलगी, आणि ११२ला फोन लावणारं एखादं घाबरलेलं घर, हे सगळे एकाच तंतूतून जात असू शकतात.

पन्नास मिलिसेकंदांची गोष्ट

आता पहिली युक्ती बघू. टेलिफोन कंपन्यांनी १९८०-९०च्या दशकात फायबरचं जाळं टाकायला घेतलं, तेव्हा त्यांनी शहरं सरळ रेषेत न जोडता गोलात जोडली. याला म्हणतात रिंग.

समजा पुणे, सातारा, कोल्हापूर, सोलापूर आणि परत पुणे असा एक गोल आहे. हे फक्त समजावण्यासाठी हं, कुठल्या कंपनीचा खरा नकाशा नाही. पुण्याहून कोल्हापूरला जायला दोन दिशा झाल्या. एक साताऱ्यावरून, दुसरी सोलापूरवरून. साताऱ्याजवळ कुणी केबल तोडली, तरी कोल्हापूर सुटं पडत नाही. ट्रॅफिक उलट्या दिशेने फिरतो आणि मागच्या दाराने कोल्हापुरात पोचतो.

यात दोन पद्धती आहेत. पहिल्या पद्धतीत पाठवणारा एकच माहिती दोन्ही वाटांनी कायम पाठवत राहतो. घेणारा दोन्हीकडे कान ठेवून बसतो आणि जी चांगली ऐकू येते ती घेतो. एक बंद पडली की तो फक्त दुसऱ्या बाजूचं ऐकायला लागतो, कुणाला विचारायची गरजच नाही. पद्धत झटपट आहे, पण महाग, कारण एका कामासाठी दोन रस्ते कायम अडकून पडतात.

दुसऱ्या पद्धतीत अर्धी जागा राखून ठेवलेली असते. सगळं ठीक असताना ती रिकामी पडून असते, किंवा तिच्यावरून कमी महत्त्वाचा ट्रॅफिक जातो. तुटातूट झाली की दोन्ही टोकांची यंत्रं एकमेकांना इशारा करतात, कमी महत्त्वाचा ट्रॅफिक बाजूला काढतात आणि महत्त्वाचा तिथे आणतात. ॲम्ब्युलन्स आली की आपण गाडी बाजूला घेतो ना, तसंच.

या रिंगसाठी आंतरराष्ट्रीय मानक ठरलं, बिघाड लक्षात आल्यापासून ५० मिलिसेकंदांत वाट बदलली पाहिजे. ५० मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा विसावा भाग. तुमची पापणी लवायला याहून जास्त वेळ लागतो. एवढ्या वेळात बोलणाऱ्याचं एक अक्षरसुद्धा पूर्ण होत नाही. तुम्ही 'हॅलो' म्हणताय आणि मधल्या मधे कुठेतरी तुमचा आवाज साताऱ्याऐवजी सोलापूरवरून जायला लागलेला असतो. तुम्हाला फार तर एक बारीकसा 'टक्' ऐकू येईल. बहुतेक वेळा तोही नाही.

म्हणजे आपल्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. केबल रोज तुटतात, पण वाट आधीच राखून ठेवलेली असते, म्हणून आपल्याला कळत नाही.

राखून ठेवलेली वाट आणि शोधून काढलेली वाट

पण सगळीकडे अशी राखून ठेवलेली वाट परवडत नाही. म्हणून दुसरा मार्ग आहे: तुटल्यावर शोधायचं. इंटरनेटचे राउटर हेच करतात.

राउटर म्हणजे चौकातला पोलीस समजा. प्रत्येक चौकातल्या पोलिसाकडे एक नकाशा आहे. तो शेजारच्या चौकाला ठरावीक वेळाने 'आहेस का?' विचारत राहतो. उत्तर आलं नाही, की तो समजतो रस्ता बंद. मग तो बाकी सगळ्यांना कळवतो, सगळे आपापले नकाशे दुरुस्त करतात आणि नवी वाट धरतात. याला काही सेकंद लागू शकतात. वेगवेगळ्या कंपन्यांच्या, देशांच्या जाळ्यांमध्ये ही बातमी पसरायची असेल, तर कधी काही मिनिटंसुद्धा. व्हिडिओ कॉलमध्ये समोरच्याचा चेहरा गोठतो, आवाज रोबोटसारखा येतो, आणि मग आपोआप सगळं नीट होतं. अशा वेळी मागे हेच चाललेलं असू शकतं.

या दोन टोकांच्या मधली एक हुशार पद्धतही आहे, तिला म्हणतात 'फास्ट रीरूट'. यात प्रत्येक चौकातल्या पोलिसाने आधीच ठरवून ठेवलेलं असतं, की समोरचा रस्ता बंद झाला तर मी कुणाला न विचारता गाड्या त्या गल्लीत घालणार. ही गल्ली कदाचित सगळ्यात जवळची नसेल, पण ट्रॅफिक थांबत नाही. दरम्यान बाकीचे शांतपणे नकाशे दुरुस्त करतात आणि मग चांगली कायमची वाट ठरते. आधी तात्पुरती सोय, मग पक्की व्यवस्था.

आणि केबल दुरुस्त झाल्यावर? ट्रॅफिक लगेच मूळ वाटेवर आणत नाहीत. बऱ्याच यंत्रणा मुद्दाम काही मिनिटं थांबतात. कारण नुकताच जोडलेला तंतू पुन्हा सुटू शकतो. दर दहा सेकंदांनी इकडून तिकडे, तिकडून इकडे असं सुरू झालं, तर मूळ बिघाडापेक्षा त्या ये-जा करण्याचाच त्रास जास्त होतो.

इथपर्यंत सगळं छान वाटतंय ना? मग गडबड होते कुठे? आता आपल्या तीन प्रश्नांकडे येऊ.

प्रश्न पहिला: दुसरी वाट खरंच वेगळी आहे का?

मुंबई-पुणे प्रवास आठवा. दोन रस्ते आहेत, एक्स्प्रेस वे आणि जुना हायवे. कागदावर दोन. पण बोरघाटात, खंडाळ्याच्या पट्ट्यात हे दोन रस्ते कित्येक वर्षं एकत्र येऊन एकच झाले होते. तिथे दरड कोसळली की दोन्ही बंद. 'मिसिंग लिंक'चा प्रकल्प काढला गेला तो याच पट्ट्याला वळसा घालायला. रेल्वेही त्याच घाटातून जाते, त्यामुळे जोराच्या पावसात एकाच वेळी तिन्हींना दणका बसू शकतो. खरी वेगळी वाट हवी असेल, तर ताम्हिणी किंवा माळशेज घाट धरावा लागतो. लांब पडतं, पण दरड एकदम दोन्हीकडे कोसळायची शक्यता कमी.

फायबरचंही असंच आहे. केबल टाकायला परवानगी लागते, जागा लागते. म्हणून सगळ्या कंपन्या सोयीच्या त्याच जागा धरतात, हायवेची कड, रेल्वेमार्ग, पूल, बोगदे. एका चरात चार कंपन्यांच्या केबल असू शकतात. तुम्ही कंपनी अ आणि कंपनी ब, अशा दोघांकडून लाइन घेतलीत, तरी दोन्ही एकाच पुलावरून जात असतील तर पूल वाहून गेल्यावर दोन्ही गेल्या.

याचं एक प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरातलं आहे. १८ जुलै २००१ला तिथल्या हॉवर्ड स्ट्रीटच्या रेल्वे बोगद्यात एक मालगाडी घसरली आणि आग लागली. डब्यांमध्ये रसायनं होती. ती आग काही दिवस धुमसत होती. आता रेल्वेच्या आगीचा इंटरनेटशी काय संबंध? तर त्याच बोगद्यातून अनेक इंटरनेट कंपन्यांच्या फायबर केबल जात होत्या. त्या जळाल्या आणि अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या कितीतरी लोकांचं इंटरनेट मंदावलं. प्रत्येक कंपनीला वाटत होतं की आपली वाट आपली आहे. बोगदा मात्र सगळ्यांचा एकच होता.

नेटवर्क आखणारे लोक याला 'सामायिक धोका' मानतात आणि त्याची यादी ठेवतात. कुठल्या कुठल्या केबल एका चरात आहेत, एका पुलावर आहेत, एका वीज उपकेंद्रावर चालतात. बॅकअप निवडताना ही यादी बघून निवडायचा. हे काम कंटाळवाणं असतं. चार वर्षांपूर्वी वेगळ्या चरात असलेली केबल रस्ता रुंदीकरणात गुपचूप दुसऱ्या चरात आलेली असते आणि यादीत ती जुन्या जागीच राहते. मग एका जेसीबीने दोन्ही जातात, आणि तेव्हाच सगळ्यांना कळतं.

प्रश्न दुसरा: त्या वाटेत जागा आहे का?

आता समुद्राकडे जाऊ. भारताचं जगाशी होणारं जवळजवळ सगळं इंटरनेट समुद्राखालच्या केबलमधून जातं, उपग्रहातून नाही. मुंबईत वर्सोव्याच्या किनाऱ्यावर छोट्याशा पट्ट्यात अशा बऱ्याच केबल जमिनीवर येतात. तिथून पश्चिमेला निघालेल्या कित्येक केबल अरबी समुद्र, लाल समुद्र आणि इजिप्त ओलांडून भूमध्य समुद्रात आणि पुढे युरोपात जातात. म्हणजे समुद्रातलाही एक बोरघाट आहेच!

३० जानेवारी २००८ला इजिप्तच्या अलेक्झांड्रियाजवळ दोन केबल तुटल्या. एक 'सी-मी-वी ४', दुसरी 'फ्लॅग युरोप-एशिया'. दोन्ही मुंबईला येणाऱ्या. दोनच दिवसांनी 'फाल्कन' नावाची तिसरी केबल आखाती देशांजवळ तुटली. तिथे नंतर समुद्रतळाशी एक टाकून दिलेला, काही टन वजनाचा नांगर सापडला.

भारतात तेव्हा आउटसोर्सिंगचा धंदा जोरात होता. मुंबई, पुणे, बंगळूरच्या ऑफिसांमधून अमेरिका-युरोपचं काम चालायचं. इंटरनेट सेवा देणाऱ्यांच्या संघटनेने तेव्हा सांगितलं होतं, की देशाची निम्म्याच्या आसपास बाहेरची बँडविड्थ एकदम गेली.

पण इंटरनेट पूर्ण बंद नाही पडलं. कारण पूर्वेकडची वाट होती. चेन्नईहून सिंगापूर, पुढे पॅसिफिक महासागर ओलांडून अमेरिका, आणि गरज पडली तर अटलांटिक ओलांडून युरोप. म्हणजे लंडनला जायला जवळजवळ पृथ्वीप्रदक्षिणा!

इथे दोन गोष्टी घडतात. पहिली, अंतर. प्रकाशाचा वेग आपण आधी बघितला. वाट १०,००० किलोमीटरने लांबली, तर जायला ५० मिलिसेकंद जास्त आणि यायला ५०, म्हणजे तुमचा पिंग १००ने वाढला. गेम खेळणाऱ्यांना याचा अर्थ सांगायला नको. कितीही पैसे खर्च केले तरी हा उशीर कमी करता येत नाही, कारण प्रकाशाला याहून घाई करता येत नाही.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची, जागा. पूर्वेकडच्या केबलमध्ये पूर्वेकडचा ट्रॅफिक आधीच होता. त्यात पश्चिमेचा येऊन पडला. ज्या कंपन्यांनी तिथे आधीच जागा घेऊन ठेवली होती, त्यांना तो वळवता आला. ज्यांनी पैसे वाचवले होते, त्यांना ऐन वेळी जागा मागत फिरावं लागलं. एक्स्प्रेस वे बंद झाल्यावर सगळ्या गाड्या ताम्हिणीत घुसल्या तर काय होईल, विचार करा. रस्ता उघडा आहे, पण गाडी हलत नाही. आपल्या फोनवर हे कसं दिसतं? सिग्नलच्या चारही कांड्या भरलेल्या, वर ५जी लिहिलेलं, आणि पेज मात्र उघडत नाही.

दुरुस्ती करणारी जहाजं फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत काम उरकून मोकळी होत आली. समुद्रातली दुरुस्ती अशीच चालते. केबलच्या टोकापासून प्रकाशाचा एक ठोका सोडायचा. तो तुटल्या जागेवरून उलटून परत येतो. यायला लागलेल्या वेळावरून तुटलेली जागा किती किलोमीटरवर आहे ते कळतं. जमिनीवरही हीच पद्धत वापरतात. मग जहाज तिथे जातं, गळासारखा हूक खाली सोडून केबलची टोकं वर ओढतं, डेकवर तंतू एकेक करून जोडतात आणि केबल पुन्हा खाली सोडतात. जगभरात समुद्री केबल वर्षाला दीडशे ते दोनशे वेळा बिघडतात, आणि त्यातले बहुतेक बिघाड मासेमारीची जाळी आणि जहाजांचे नांगर यांच्यामुळे होतात. शार्कने केबल खाल्ली वगैरे बातम्या ऐकायला मजेशीर, पण खरा दोषी साधा नांगरच असतो.

आणि हा समुद्रातला घाट अजून आहे तिथेच आहे. फेब्रुवारी २०२४मध्ये लाल समुद्रात क्षेपणास्त्राने निकामी झालेलं 'रुबीमार' नावाचं जहाज वाहत गेलं आणि त्याच सुमारास तिथल्या तीन केबल तुटल्या. ओढत गेलेल्या नांगरामुळे त्या तुटल्या असाव्यात, असा अंदाज आहे. युद्धाच्या वातावरणात दुरुस्तीचं जहाज तिथे न्यायला परवानग्या मिळेपर्यंत काही महिने गेले. म्हणून आता कंपन्या अशा नव्या केबल आखतायत ज्या हा टप्पा टाळून जातील. लांबच्या आणि महाग, पण वेगळ्या.

प्रश्न तिसरा: ट्रॅफिक वळवणारा कुठे उभा आहे?

हा प्रश्न सगळ्यात कमी विचारला जातो. आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा हाच आहे.

८ जुलै २०२२, शुक्रवार, कॅनडा. पहाटे पावणेपाचच्या सुमारास रॉजर्स या तिथल्या मोठ्या दूरसंचार कंपनीचं नेटवर्क देशभरात कोसळलं. मोबाइल बंद, घरचं इंटरनेट बंद, लँडलाइन बंद. एक कोटी वीस लाखांहून जास्त ग्राहकांना फटका बसला. तिथलं डेबिट कार्डचं जाळं 'इंटरॅक' याच कंपनीवर अवलंबून होतं, त्यामुळे दुकानात कार्डही चालेना. टोरंटो परिसरात आपली मराठी मंडळीही बरीच आहेत, त्यातल्या कित्येकांचा तो दिवस असाच गेला असणार.

गंमत म्हणजे त्या दिवशी कुठलीही केबल तुटली नव्हती. नेटवर्कच्या गाभ्यात सुधारणेचं काम चालू होतं. त्यात एका राउटरवरची एक चाळणी काढली गेली. ही चाळणी काय करायची? बाहेरच्या जगाचे लाखो रस्ते असलेल्या नकाशातला गरजेपुरता भाग आत सोडायची. चाळणी गेली आणि नकाशाचा पूर गाभ्यातल्या राउटरवर येऊन आदळला. त्यांच्या क्षमतेबाहेरचं ओझं होतं. काही मिनिटांत ते कोलमडले. मोबाइल आणि घरचं इंटरनेट, दोन्ही सेवा त्याच एका गाभ्यातून चालत होत्या, त्यामुळे दोन्ही एकदम गेल्या. अशा वेळी बॅकअप राउटर कितीही असोत, त्यांच्यावरही तोच पूर येत असेल तर उपयोग काय?

चूक झाली, ठीक आहे, चुका होतात. चाळणी परत बसवायची की झालं! पण ती बसवायला दूरवरच्या राउटरपर्यंत पोचायचं कसं? राउटर सांभाळणारी यंत्रणा त्याच नेटवर्कवरून जात होती. नेटवर्क पडलं आणि दुरुस्तीचं दारही बंद झालं. इंजिनियर एकमेकांशी कंपनीच्याच मोबाइलवर बोलत, तेही बंद. शेवटी कर्मचाऱ्यांचं आपसात बोलणं सुरू व्हावं म्हणून दुसऱ्या कंपन्यांची सिम कार्डं पाठवावी लागली. नेमकं कारण कळायलाच कित्येक तास गेले, आणि सेवा पूर्ववत व्हायला साधारण एक दिवस लागला. घराची किल्ली घरातच ठेवून लॅच लावल्यासारखं झालं.

आणि आता सगळ्यात गंभीर भाग. कॅनडात आपत्कालीन नंबर आहे ९११. फोनची रचना अशी असते, की तुमच्या कंपनीचा टॉवर मिळाला नाही तर आपत्कालीन कॉल तो दुसऱ्या कुठल्याही कंपनीच्या टॉवरवरून लावतो. आपल्याकडेही स्क्रीनवर कधीकधी 'फक्त आपत्कालीन कॉल' अशा अर्थाचं लिहून येतं, ते याचंच लक्षण. पण त्या दिवशी रॉजर्सचे टॉवर चालूच होते! वीज होती, सिग्नल होता, फक्त त्यांच्या मागचा गाभा मेला होता. फोनला वाटत होतं, माझा टॉवर तर समोर आहे, मग मी दुसरीकडे का जाऊ? त्यामुळे अनेकांचे ९११चे कॉल लागलेच नाहीत. सिम काढून टाकलं असतं, तर फोनने दुसरा टॉवर शोधला असता. पण ज्याच्या घरात कुणी जमिनीवर कोसळलंय, त्याला हे सुचणार कसं?

म्हणजे दुसरी वाट अगदी शेजारी, त्याच रस्त्यावरच्या दुसऱ्या टॉवरवर तयार होती. फक्त तिकडे वळा असं फोनला सांगायला कुणी उरलं नव्हतं.

यानंतर कॅनडात काय झालं? रॉजर्सने मोबाइल आणि घरचं इंटरनेट यांचे गाभे वेगळे करायचं ठरवलं. दुरुस्तीची यंत्रणा मुख्य नेटवर्कपासून वेगळी करायचं काम हाती घेतलं. आणि सप्टेंबर २०२२मध्ये तिथल्या मोठ्या कंपन्यांनी एकमेकांशी करार केला, की एकाचं नेटवर्क पडलं तर आपत्कालीन कॉलसाठी दुसऱ्यांनी मदत करायची. भारतातही चक्रीवादळासारख्या संकटात दूरसंचार विभाग कंपन्यांना 'इंट्रा सर्कल रोमिंग' सुरू करायला सांगतो. म्हणजे त्या भागात ज्या कुठल्या कंपनीचा टॉवर जिवंत असेल, तो सगळ्यांना वापरता येतो. ३ जून २०२०ला 'निसर्ग' वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, तेव्हा वीज आणि फोन दोन्ही गेल्यावर गावं कशी तुटतात, हे कोकणातल्या लोकांनी स्वतः अनुभवलंय. वादळात एकच टॉवर उभा राहिला, तर तो कुणाच्या कंपनीचा आहे यावर कुणाचा जीव अवलंबून असू नये, एवढी साधी गोष्ट आहे ही.

आपण काय करायचं?

आपण काही राउटर चालवत नाही. पण हेच तीन प्रश्न आपल्या छोट्याशा नेटवर्कला लावता येतात.

वेगळी आहे का? ड्युअल सिम वापरत असाल तर दोन्ही सिम एकाच कंपनीची ठेवू नका. घरचं वायफाय आणि मोबाइल दोन्ही एकाच कंपनीचे असतील, तर तो बॅकअप फार भरवशाचा नाही. आणि दोन कंपन्या घेतल्या म्हणजे झालं असंही नाही. आपल्याकडे एकाच टॉवरवर दोन-तीन कंपन्यांचे अँटेना असतात, त्यांच्या मागची वीज एकच असू शकते, कधी फायबरही. गावाकडच्या घरी कुठल्या कंपनीची रेंज वीज गेल्यावरही टिकते, हे शेजाऱ्यांना एकदा विचारून ठेवा. कुठल्याही जाहिरातीपेक्षा ती माहिती जास्त कामाची.

जागा आहे का? दुसऱ्या सिमवर रिचार्ज संपलेला असेल तर तो बॅकअप फक्त शोभेचा. ऑनलाइन परीक्षा, इंटरव्ह्यू असं काही महत्त्वाचं असेल, तर आदल्या दिवशी हॉटस्पॉट लावून एकदा खरंच चालवून बघा. मोठ्या कंपन्यासुद्धा मुद्दाम एखादी लाइन बंद करून बॅकअप चालतो का ते तपासतात. न तपासलेला बॅकअप आहे असं धरूच नये.

आणि तिसरा प्रश्न, नेटवर्क गेलं तर सावरायचं कशाने? सगळे नंबर, तिकिटं, कागदपत्रं, पैसे, सगळंच नेटमागे असेल, तर नेट गेल्यावर हातात काहीच राहत नाही. घरच्या दोन माणसांचे नंबर पाठ असू द्या. प्रवासाचं तिकीट फोनमध्ये डाउनलोड करून ठेवा. पाकिटात थोडी रोख ठेवा, यूपीआय कितीही आवडत असलं तरी. आणि घरातल्या आजी-आजोबांना ११२ आणि ॲम्ब्युलन्सचा १०८, हे दोन नंबर मोठ्या अक्षरात लिहून द्या.

पुढच्या वेळी व्हिडिओ कॉल क्षणभर गोठला आणि परत सुरू झाला, तर वैतागण्याआधी एवढं आठवा: कदाचित कुठेतरी केबल तुटली होती, आणि कुणीतरी खूप आधी, जास्तीचे पैसे खर्च करून, तुमच्यासाठी एक लांबची रिकामी वाट राखून ठेवली होती.

आजच्यासाठी एवढंच. तुमच्या भागात नेटवर्क कधी लांबलचक गेलं होतं का, आणि तेव्हा कुठली कंपनी टिकली, हे आम्हाला नक्की कळवा. भाग आवडला तर त्या मित्राला पाठवा, ज्याची दोन्ही सिम एकाच कंपनीची आहेत. भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत, काळजी घ्या आणि ऐकत राहा!